मूळ रूप कोणते?

माणसाला कशाचे वेड लागावे याला काही नियम नाही. बँकेतल्या माझ्या सहकाऱ्यांपैकी कुणाला पोस्टाच्या तिकिटांचे वेड होते, कुणाला नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्यांचे, तर एकाला निव्वळ शेअर बाजाराचे. मला जुन्या मोटारगाड्यांचे लागले. तेही मुंबईच्या एखाद्या श्रीमंत गॅरेजात नव्हे, तर नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटरवर, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या सुरगाण्यात. घरची मंडळी या वेडाला ‘भंगार’ म्हणतात, मी ‘छंद’ म्हणतो. गेल्या ३५ वर्षांत या दोन शब्दांत तडजोड झालेली नाही.

बीज मात्र मुंबईतच पडले. लहानपणी वडिलांचे बोट धरून मुंबईला गेलो, तेव्हा रस्त्यावर डॉज आणि प्लायमाउथ या अमेरिकन गाड्या अजून दिसत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याला या गाड्यांची जुळणी सुरू केली. एखाद्या दिवाणखान्याएवढी ती लांबरुंद गाडी आवाज न करता बाजूने जाई आणि मी फुटपाथवर थबके. १९६४ नंतर खुद्द अमेरिकेत पॉन्टियाक जीटीओ, फोर्ड मस्टँग अशा गाड्यांचे युग आले. मध्यम आकाराच्या गाडीत दांडगे इंजिन बसवायचे आणि तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायचे, असा तो हिशेब होता. १९७३ च्या तेलसंकटाने त्या युगाचा दिमाख उतरवला. आपल्याकडे परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने त्या मासिकांतल्या चित्रांतच राहिल्या. पण त्यांच्या वंशातली एक गरीब, कष्टाळू चुलतबहीण मात्र आपल्याकडे आधीच येऊन नांदत होती. ती म्हणजे जीप.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. सुमारे २२०० सीसीचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी आणि चालकाच्या आसनाखाली पेट्रोलची टाकी. पेट्रोल भरायचे तर चालकाने आधी उठून उभे राहायचे! युद्ध संपल्यावर लष्कराने नको असलेल्या गाड्या विकल्या. त्या ‘डिस्पोजलच्या जीप’ म्हणून खेडोपाडी पोचल्या. १९४७ साली महिंद्र बंधूंच्या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्यांचे मूळ भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. देश दुभंगला, भागीदारी दुभंगली, पण जीप रस्त्यावर आली. किंबहुना, जिथे रस्ता नव्हता तिथेच ती अधिक आली.

सुरगाण्यात माझी बदली १९८८ साली झाली. शेळ्यांची, बैलजोडीची कर्जे वाटायची आणि पुढे त्यांच्या वसुलीसाठी पाडे पालथे घालायचे, हे माझे काम. तिथेच एका घरामागे, सागाच्या वाळल्या पानांखाली, मला ती दिसली. डिस्पोजलची जुनी जीप. तिच्यात कुणीतरी मूळ पेट्रोल इंजिन काढून प्यूजो जातीचे डिझेल इंजिन बसवले होते. मागचा सांगाडा वाढवून समोरासमोर दोन बाकडी केली होती. ती मोडीत निघालेली नव्हती. बाजाराच्या दिवशी पाड्यावरची माणसे, नागलीची पोती आणि कोंबड्या घेऊन ती अजून धावत होती. मालकाला पैशांची नड होती. मी ११ हजार रुपयांना ती घेतली. हिने महिनाभर अबोला धरला.

आता कबुलीची वेळ आली आहे. ही गोष्ट मी माझ्या एकाही कादंबरीत घातली नाही.

गाडी हाती आल्यावर मला एकच ध्यास लागला, तिला मूळ रूप द्यायचे. बसस्थानकाजवळ एक मिस्त्री होते. हातात पाना घेतला की ते बोलणे बंद करत. त्यांना मी म्हणालो, “मिस्त्री, हे डिझेल इंजिन उतरवा. मी मूळचे शोधून आणतो.” ते म्हणाले, “साहेब, चालती गाडी आहे. पाऊस तोंडावर आलाय. दिवाळीनंतर करू.” मी ऐकले नाही. साहेब होतो ना! १९९१ च्या जूनमध्ये इंजिन उतरले, बाकडी निघाली, आणि मी मुंबईच्या जुन्या बाजारात कार्बुरेटर शोधत फिरू लागलो.

जुलैत एका पाड्यावरची बाई अडली. तिच्या माणसांनी नेहमीप्रमाणे जीपसाठी निरोप धाडला. जीप पत्र्याच्या शेडमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. बॉनेटखाली नुसती पोकळी. शेवटी चौघांनी तिला डोलीत घालून, ओढे ओलांडत, चिखलातून सुरगाण्याला आणले. बाई वाचली, मूल वाचले नाही. जीप असती तर वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. तिचा नवराही म्हणाला नाही. तो शेडपाशी आला, मोकळ्या बॉनेटमध्ये वाकून पाहिले आणि निघून गेला. त्याला काही विचारायचे होते की नव्हते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

चौथ्या दिवशी डिझेल इंजिन पुन्हा जागेवर होते. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, मला बोलही लावला नाही. तेव्हापासून एक नियम मी पाळत आलो. पाऊस तोंडावर असताना या गाडीचा एक नटही खोलायचा नाही.

पुढे माझ्या बदल्या होत राहिल्या. गाडी मिस्त्रींकडेच राहिली. अडीनडीला ती त्यांनी चालवली आणि मी सुटीत येऊन हात काळे केले. गिअर कसे टाकायचे, क्लच दोनदा का दाबायचा, स्प्रिंगच्या पट्ट्या कशा ओळखायच्या, हे त्यांनीच शिकवले. एकदा बोल्ट साफ करताना काहींच्या माथ्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटलेले दिसले. फोर्ड कंपनी आपल्या भागांवर ही खूण उठवत असे. म्हणजे विलीज म्हणून मी जपत असलेल्या गाडीत फोर्डचेही भाग मिसळलेले होते! दोन्ही कंपन्यांचे सुटे भाग एकमेकींना बसावेत अशीच रचना होती. लष्करी कार्यशाळेत किंवा नंतर कुठल्या तरी मिस्त्रीकडे ते एकत्र आले असणार. ‘मूळ रूप’ या शब्दावरचा माझा विश्वास तेव्हाच जरा डळमळला.

हे सारे आज लिहायचे कारण म्हणजे माझ्यापुढे पडलेला एक पेच. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वारसा-वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे आणि मुदत १० वर्षे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. नियम वाईट नाही. तो नसता तर कितीतरी देखण्या गाड्या कागदपत्रांच्या गुंत्यात गंजल्या असत्या. बदल केलेल्या गाड्यांना मोकळे रान दिले तर धूर ओकणारे प्रत्येक खटारे वारसा म्हणून मिरवेल, हेही मला कळते.

याच सुमारास जुन्या गाड्यांच्या वर्तुळातल्या एका स्नेह्याने विलीजचे मूळ इंजिन मिळवून दिले. एका मळ्यात ते पाणी उपसत होते! ते मी दुरुस्त केले, आता ते सुरेख चालते. स्नेही म्हणतात, “बसवून टाक आणि वारसा म्हणून नोंदव. तुझ्या गाडीचे सोने होईल.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पूर्वीपेक्षा रस्ते झाले आहेत. अडलेल्या बाईसाठी माझ्या जीपची वाट पाहणारे आज कुणी नाही, आणि नसावेच. मग डिझेल इंजिन उतरवायला हरकत कोणती?

महिनाभर विचार केला. बँकेतल्या सवयीने वहीत जमा-खर्च मांडला. जमेला मूळ इंजिन, मान आणि किंमत. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट राहिली. या गाडीने लष्करात काढली असतील ती चारदोन वर्षे. सुरगाण्याच्या घाटात काढली ती चार दशके, आणि ती त्या डिझेल इंजिनाच्या, त्या वेड्यावाकड्या बाकड्यांच्या जिवावर. पेट्रोल परवडेना म्हणून हे इंजिन आले. माणसे मावेनात म्हणून सांगाडा वाढला. हे बदल म्हणजे या मुलखाची गरज लोखंडात लिहिलेली आहे. अमेरिकेतही युद्धानंतर तरुणांनी जुन्या फोर्ड गाड्या घराच्या अंगणात कापून-जोडून ‘हॉट रॉड’ बनवल्या. आज तिथे त्या कापाकापीलाच वारसा मानतात. तिथे बदल वेगासाठी झाले, इथे पोटासाठी. मग इथले बदल तेवढे पुसून टाकण्याजोगे का?

मी इंजिन बदलणार नाही. मूळ इंजिन शेडमध्येच लाकडी घोड्यावर ठेवले आहे. पाहायला येणाऱ्या मुलांना ते चालू करून दाखवतो. ‘व्हीए’ नंबर मिळणार नाही, हे उघड आहे. त्याबद्दल सरकारशी भांडण नाही. मात्र एक मागणे आहे, सरकारकडे, जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळांकडे आणि वाचकांकडेही. राजेरजवाड्यांच्या गाड्या जपल्या जातील, त्यांना वाली आहेत. पण गावोगावी अशा बदललेल्या, राबलेल्या गाड्या आहेत आणि त्या बदलणारे मिस्त्री ऐंशीच्या घरात आहेत. गाड्या नाही तर निदान त्यांची छायाचित्रे, मोजमापे, मिस्त्रींचे शब्द नोंदवून ठेवावेत. जवळच्या आयटीआयमधल्या दोन मुलांनी वही घेऊन एका मिस्त्रीपुढे आठ दिवस बसावे, एवढ्यानेही पुष्कळ वाचेल. अमुक इंजिन तमुक गिअरबॉक्सला जोडण्यासाठी मधली पट्टी किती जाड हवी, हे कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नाही. ते त्यांच्या बोटांत आहे.

आमचे मिस्त्री आता फारसे शेडकडे येत नाहीत. नजर अधू झाली आहे. परवा मी त्यांना माझा निर्णय सांगितला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “साहेब, नोझल तपासून घ्या. मागच्या खेपेला काळा धूर देत होती.” शेजारी त्यांचा नातू उभा होता. त्याला मी पाना आणायला सांगितले. मे महिना चालू आहे, पावसाला अजून तीन आठवडे आहेत. तेवढ्यात काम उरकेल.