मनगटाखालची चुंबळ

विहिरीवरून पाणी आणणारी बाई आधी डोक्यावर चुंबळ ठेवते, मग हंडा. जुन्या लुगड्याच्या चिंधीचे ते वेटोळे. त्याला आमच्या गावात कोणी चैन म्हणत नाही. मात्र गेल्या दिवाळीत मी संगणकाच्या माऊसखाली ठेवायची, मनगटाला मऊ उशी असलेली गादी विकत आणली, तेव्हा घरात मोठे हसू झाले. “एवढासा उंदीर, त्याला गादी कशाला गं?” अण्णा म्हणाले. मला राग आला नाही, पण त्या हसण्यामागे जी समजूत आहे तिच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

कॉलेज सुटल्यावर मी एका सेवा केंद्रात अर्ज भरण्याचे काम करते. दाखले, शिष्यवृत्ती, पीकविमा. विम्याच्या दिवसांत रांग दाराबाहेर जाते आणि उजवा हात माऊसवरून उठत नाही. तिथले टेबल उंच आणि खुर्ची बुटकी. त्यामुळे मनगट तासन्‌तास टेबलाच्या कडेवर दाबलेले. पावसाळा सरता सरता अंगठ्याला व शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊ लागल्या. मराठी टंकलेखनाची, मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा तोंडावर आली होती. लिपिकाच्या नोकरीला ते प्रमाणपत्र लागते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हातच चालेनासा झाला तर या शिक्षणाचे काय करायचे, या विचाराने झोप लागेना. त्या खेपेची परीक्षा सोडावी लागली, ती लागलीच.

गादी आणली, पण तिने पुरता गुण आला नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितले ते असे : मनगटात एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस जाते. मनगट वाकडे धरून तेच ते काम केले, की तिथे सूज येऊन नस दबते. मी तर उशीवर नेमके मनगटच रेलून माऊस फिरवत होते, म्हणजे दाबात भरच घालत होते! उशी तळहाताच्या टाचेखाली हवी, आणि तीही हात थांबलेला असताना. माऊस फिरवताना हात कोपरापासून हलवावा, मनगट सरळ असावे, कोपर काटकोनात असावे. अर्ध्या तासाने हात खाली सोडून बोटे मोकळी करावीत.

चुंबळीचेही असेच नाही का? ती हंडा टोचू देत नाही. हंड्याचे वजन काही कमी करीत नाही. मनगटाखालची उशी वाईट नाही, पण टेबल तेच, खुर्ची तीच आणि विसावा नाही, तर उशी एकटी काय करणार? मी खुर्चीवर गोधडीची घडी टाकली, पायांखाली दोन विटा ठेवल्या. याला पैसा लागला नाही. हात आता बराच बरा आहे.

हे दुखणे नवे नाही. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने सन १७०० मध्ये कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. १७१३ च्या आवृत्तीत त्याने दिवसभर लेखणी चालवणाऱ्या लेखनिकांच्या हातदुखीचीही नोंद केली. रोग्याला ‘तू काम काय करतोस?’ हे वैद्याने विचारलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

डॉक्टरांनी मलाही तोच प्रश्न विचारला. घरी येऊन मी हे सारे सांगत होते, तेव्हा चुलीपाशी बसलेली माय म्हणाली, “असल्या मुंग्या तर माझ्या हाताला कवाच्या येतात, बाई.” वर्षानुवर्षे सोयाबीन आणि हळदीच्या निंदणीत तिचे खुरपे थांबलेले नाही. तिला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही. माझे दुखणे संगणकाचे म्हणून त्याला नाव मिळाले. तिचे मात्र ‘काम केल्यावर हात दुखायचेच’ यात जमा झाले. अण्णांच्या हसण्यामागे हीच समजूत होती. दुखणे सोसणे म्हणजेच कष्ट, आणि ते हलके करणे म्हणजे चोचले!

ही समजूत आपण शिकणाऱ्यांनी तरी सोडावी. संगणक घेताना त्याची किंमत चार ठिकाणी विचारली जाते. टेबलाची उंची कोणी विचारत नाही. आपल्या प्रयोगशाळेपासूनच ती मोजायला सुरुवात करू. मैत्रिणींनो, मुंग्या येऊ लागल्या तर लपवू नका, परीक्षेनंतर बघू म्हणू नका. आणि घरी गेल्यावर मायचा हातही एकदा हातात घेऊन विचारा. माझी माय येत्या बाजाराच्या दिवशी माझ्याबरोबर त्याच डॉक्टरांकडे येणार आहे. अण्णांनीच तिला तयार केले.