ज्या कामाला हद्द नाही, त्याला वेठ म्हणतात

गेल्या दिवाळीच्या आधी नागपुरातल्या आमच्या वस्तीतल्या एका पेंटरने शहरातल्या एका फ्लॅटचं काम घेतलं. तीन खोल्या, हॉल आणि किचन. मटेरियल मालकाचं, मजुरी 18,000 रुपये. बोलणी दारात उभ्या-उभ्या झाली. "सगळं काम नीट करून द्या," एवढाच काय तो करार. सोबतीला भाचा हेल्पर. अंदाज बारा दिवसांचा होता. दोघांच्या मिळून 24 हजेऱ्या, म्हणजे एका हजेरीला 750 रुपये.

मग "सगळं" या शब्दाला पाय फुटले. बाल्कनीच्या ग्रीलला ऑइलपेंट मारा. माळा रिकामा करा, रंगवा, पुन्हा भरा. कपाटं हलवा. पहिला हात मारून झाल्यावर मॅडमना शेड आवडली नाही, म्हणून पूर्ण हॉल पुन्हा. गच्चीवरची टाकी. आणि सोळाव्या दिवशी मालक म्हणाला, "खालचा चेंबर तुंबलाय, तेवढा उघडून बघा. तुम्हा लोकांना सवय असते."

तिसऱ्या दिवशी गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याने पूर्ण नाव लिहिलं होतं. आडनाव तिथून वर पोहोचलं असणार.

चेंबरला त्याने हात लावला नाही. मालकाचा सूर बदलला. काम संपलं विसाव्या दिवशी. हातात पडले 15,000. उरलेले 3,000 "फिनिशिंग बरोबर नाही" म्हणून अडकवले, ते आजपर्यंत मिळालेले नाहीत. 40 हजेऱ्यांना 15,000, म्हणजे एका हजेरीला 375. ठरल्याच्या बरोबर निम्मे.

आम्ही बोलणी करायला गेलो. मालक आवाज न चढवता म्हणाला, "ही कामं ठरली नव्हती, असं कुठं लिहिलंय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो मालकासाठी नाही. तो आपल्यासाठी आहे.

मित्रांनो, "ठरलेलं काम" ही आपल्या लोकांच्या आयुष्यात फार नवी गोष्ट आहे. आपल्या पणजोबांच्या कामाला यादी नव्हती. महारकी म्हणजे काय काय, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. सांगावा पोहोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचं, लाकडं फोडायची, रात्री गस्त घालायची. गावचा पाटील सांगेल ते आणि सरकारी अंमलदार सांगेल तेही. घरचा कर्ता पुरुष गावाला गेला असेल तर त्याच्या बापाने किंवा भावाने जायचं. मोबदल्यात नावापुरती जमीन आणि बलुतं. तेही देणाऱ्याच्या मर्जीवर.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. त्यामागची तक्रार फक्त "मोबदला कमी आहे" एवढीच नव्हती. काम अमर्याद आहे आणि मोबदला अनिश्चित आहे, हे त्यांचं दुखणं होतं. कोणत्या खात्याने, कोणत्या वेळी, कोणतं काम सांगावं याला हद्दच नाही, आणि ज्याच्या कामाला हद्द नाही तो नोकर नसतो, गुलाम असतो. हे वतन कायद्याने जायला 1958 साल उजाडावं लागलं. वतन गेलं. पण "तेवढं पण करून दे" हे वाक्य गेलं नाही. ते गावच्या चावडीवरून निघालं आणि शहरातल्या फ्लॅटच्या दारात येऊन उभं राहिलं.

काही जण म्हणतील, यात जात कुठून आली? पेंटर कोणत्याही जातीचा असो, गिऱ्हाईक त्याला पिळतंच. खरं आहे, पिळतं. पण कशासाठी पिळतं ते बघा. एकाला आणखी एक भिंत रंगवायला सांगतात, दुसऱ्याला चेंबर उघडायला सांगतात. भिंत वाढवणं ही लूट आहे. चेंबर उघडायला सांगणं ही लूट तर आहेच, शिवाय "तुझी जागा आम्हाला माहीत आहे" हा निरोपही आहे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की शहरात जात विरळ होते. वस्तीत काम करताना आम्ही वेगळं पाहिलं. शहरात जात कामाच्या यादीत जाऊन बसते. यादी लिहिलेली नसेल तर तिला बसायला जागाच जागा असते.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. संविधानाचं कलम 23 वेठबिगारीला बंदी घालतं. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही सुद्धा सक्तीची मजुरीच आहे. 2013 च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला माणूस लावणं गुन्हा ठरवलं. अनुसूचित जातीच्या माणसाकडून बेगार करून घेणं अॅट्रॉसिटी कायद्यात बसतं, आणि 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. एवढी कवचं आहेत.

मग आपला पेंटर उघडा का? कारण त्याने "ठेका" घेतला. रोजाने गेला असता तर तो मजूर ठरला असता. एकरकमी काम घेतलं की तो व्यवहारात छोटा कंत्राटदार होतो. खिशात ब्रश आणि पत्रा, अंगावर भाच्याची जबाबदारी, आणि नाव मात्र "ठेकेदार"! किमान वेतनाचा हिशोब त्याला कोण लावणार? बारा दिवसांचं काम वीस दिवस चाललं तर तो त्याचा धंद्यातला तोटा, असं म्हणून सगळे मोकळे. मेख इथे आहे. ज्याला कामगार कायदा सहजासहजी हाताला लागत नाही, त्याच्यासाठी त्याचा करार हाच त्याचा कायदा. आणि तो कायदा तो स्वतः कोरा सोडून येतो.

तोंडी करार बेकायदा नसतो. 1872 च्या करार कायद्यात तोंडी करारही चालतो. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावायला तीन वर्षांची मुदतही आहे. पण दावा लावणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. तुमचा शब्द आणि मालकाचा शब्द समोरासमोर आले की कोणाचा शब्द जड भरतो, हे या देशात आम्ही सांगायला नको.

कागद आणखी एका ठिकाणी लागतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रंगकाम हे बांधकामाच्या कामातच मोडतं. मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणातली मदत, अपघातातली मदत, सगळं या नोंदणीवर अवलंबून आहे. वर्षाचे दोनशे दिवस भिंतीला तोंड लावून उभा असलेला माणूस 90 दिवस सिद्ध करू शकत नाही, आणि ज्याने कधी ब्रश धरला नाही तो एजंटाला पैसे देऊन दाखला आणतो. वस्तीवस्तीत हेच चाललंय. आपण ते बघतो आणि गप्प बसतो.

पेंटर मंडळींशी बोललो की दोन आक्षेप येतात. पहिला, "कागद काढला की गिऱ्हाईक बिचकतं. म्हणतं, एवढा विश्वास नाही का?" आम्ही विचारतो, तोच माणूस फ्लॅट विश्वासावर घेतो का? भाडेकरू विश्वासावर ठेवतो का? बँकेत, सोसायटीत, कंपनीत तो प्रत्येक पानावर सही करतो. विश्वास फक्त गरिबाकडूनच का मागतो? लिहिण्यापासून आपल्याला शतकानुशतकं लांब ठेवलं ते उगाच नाही. ज्याच्याकडे लेखणी होती त्याच्याकडे जमिनीचा उतारा होता. जिथे सगळं तोंडी चालतं तिथे ज्याचं तोंड मोठं त्याचाच कायदा चालतो.

दुसरा आक्षेप, "आपण अटी घातल्या तर ठिय्यावरचा बाहेरचा पेंटर निम्म्या दरात काम घेतो." इथे आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे. युपी-बिहारचा तो माणूस आपला शत्रू नाही. त्यांच्यातही आपल्यासारखी आडनाव लपवून काम करणारी माणसं आहेत. त्याच्या अंगावर गावचं कर्ज आहे, डोक्यावर मुकादम आहे. त्याला शिव्या घालणाऱ्या पक्षांच्या झेंड्यामागे आपली पोरं जातात, पण त्या पक्षांनी ठिय्यावर कधी दर ठरवून दिलेला नाही. बाबासाहेबांनी 1936 मध्ये काढलेल्या पक्षाचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष होतं. ते नाव त्यांनी जातीवरून ठेवलं नाही, मजुरावरून ठेवलं. ठिय्यावरच्या सगळ्यांनी मिळून एकच कागद वापरायचा ठरवला तर दर पाडणारा कोणी उरत नाही. हे अवघड आहे, आम्हाला माहीत आहे. पण त्याला हाकलणं अवघडही आहे आणि अन्यायाचंही.

आता आपल्या घरात येऊ. इथपर्यंत वाचून ज्यांना बरं वाटलं त्यांनी पुढचंही वाचावं.

याच पेंटरने मागच्या वर्षी 14 एप्रिलच्या आधी आमच्या वस्तीतलं विहार रंगवलं. आतून पांढरा, बाहेरून निळी पट्टी, आणि कमानीवरची अक्षरं. कमिटीने रंगाचे डबे आणून दिले. मजुरीचं कोणी बोललं नाही. चार दिवस तो आणि त्याचा भाचा तिथे होते. त्याने संकोचत विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "आपल्याच समाजाचं काम आहे. धम्मदान समज." त्या कमिटीत आम्हीही होतो. आम्ही मान डोलावली होती.

डीजेवाल्याला आम्ही ॲडव्हान्स दिला होता. मंडपवाल्याची पावती फाइलला आहे. या दोघांना कोणी धम्मदान मागितलं नाही. पेंटरला मागितलं, कारण तो आपला होता आणि गरीब होता. त्याच्याकडे नाही म्हणायची सोय नव्हती. दान देणाऱ्याच्या मनातून निघतं. घेणाऱ्याने ठरवलेलं दान म्हणजे वसुली. फ्लॅटवाल्याने "सगळं काम" म्हणून जे केलं तेच आम्ही "समाजाचं काम" म्हणून केलं. त्याच्याकडे कागद मागायला गेलेल्या आम्ही स्वतः कुठला कागद केला होता?

म्हणून आम्ही सुरुवात आमच्यापासून केली आहे. त्या चार दिवसांची मजुरी, दोघांच्या आठ हजेऱ्या, कमिटीने ठराव करून त्याला दिली. आणि त्याच्याच सोबत बसून एका पानाचा कागद तयार केला. त्यात वकिली भाषा नाही. त्यात एवढंच आहे:

1. कोणत्या खोल्या, कोणत्या भिंती, छत धरून की सोडून. माप दोघांनी मिळून घ्यायचं. दारं-खिडक्यांची वजावट कशी, ते आधीच लिहायचं.

2. जुना रंग खरवडायचा का, पुट्टी किती हात, प्रायमर किती, रंग किती हात. शेड मालकाने सही करून द्यायची. नंतर बदलली तर ते नवीन काम.

3. मटेरियल कोणाचं. कमी पडलं तर कोणी आणायचं.

4. भिंतीत ओल किंवा गळती असेल तर ती रंगाआधी मालकाने दुरुस्त करायची. ओलीवर मारलेल्या रंगाचे पोपडे निघाले तर दोष पेंटरचा नाही.

5. सामान कोण हलवणार. साफसफाई म्हणजे रंगाचे डाग आणि आपला कचरा, एवढंच. गटार, चेंबर, संडास यांची सफाई या कामात येत नाही.

6. वाढीव काम आधी लिहायचं, दर ठरवायचा, मग ब्रश उचलायचा. निदान व्हॉट्सअॅपवर "हो" तरी घ्यायचं.

7. पैसे टप्प्याने. सुरुवातीला उचल, पुट्टी-प्रायमर झाल्यावर दुसरा हप्ता, काम बघून शेवटचा. तक्रार असेल तर त्याच दिवशी भिंत दाखवून सांगायची.

8. बाहेरच्या भिंतीला झुला किंवा परांची आणि सेफ्टी बेल्ट कोण देणार. खरवडताना मास्क. 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही, पण जुन्या भिंतींवरच्या रंगाला हा नियम नव्हता, आणि ती धूळ पेंटरच्याच छातीत जाते.

9. पिण्याचं पाणी आणि संडास वापरायला मिळेल.

नवव्या मुद्द्यावर कमिटीतला एक जण हसला. "हे पण लिहायचं का?" पेंटर म्हणाला, "दादा, वीस दिवस मी बाटली घरून न्यायचो. संडासला रेल्वे स्टेशनवर जायचो."

1927 मध्ये महाडला आपली माणसं पाण्यासाठी तळ्यावर गेली होती. जवळजवळ शंभर वर्षांनी आपला माणूस ज्या घराच्या भिंती उजळतो त्या घरात तहानलेला राहतो. यावर भाषण होईल, टाळ्या पडतील. पण त्याला पाणी मिळेल ते त्या कागदावरच्या एका ओळीने.

प्रत्येक वस्तीत बारावी झालेलं, मोबाइल चालवणारं एक तरी पोरगं आहे. त्याने आपल्या गल्लीतल्या पेंटरचा हा कागद लिहून द्यावा. मालकाने एखादी ओळ खोडली तर खोडू द्या. कोणती ओळ खोडली हेही मग कागदावर राहील. आणि येत्या 14 एप्रिलला ज्या मंडळाची कमान रंगेल, त्या मंडळाने डीजेच्या पावतीआधी पेंटरच्या कागदावर सही करावी.

ते मंडळ तुमचं असेल, तर त्या सहीची वाट पेंटरला बघायला लावू नका.

जय भीम.