गुलाबाला काय पाजले?

काही वर्षांपूर्वीच्या फाल्गुनातील ही गोष्ट. आमच्या अंगणातील गावठी गुलाब फुलांनी लगडला होता. सासूबाईंनी तीन-चार दिवस पहाटे फुले खुडली, पाकळ्या निवडल्या आणि खडीसाखरेचे थर देत गुलकंदाची बरणी भरून गच्चीवर उन्हात ठेवली. ती बरणी दृष्टीस पडली तेव्हा माझ्या काळजात धस्स झाले. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला म्हणून फुले खुडण्याच्या जेमतेम पाच दिवस आधी मीच त्या झुडपावर आंतरप्रवाही कीटकनाशक फवारले होते. असे औषध झाडाच्या रसात भिनते. पाकळ्या धुतल्याने ते जात नाही. आणि गुलकंद होता माझ्या शाळकरी मुलीसाठी.

बरणी टाकून द्यावी लागली. सासूबाई शांतपणे एवढेच म्हणाल्या, "पेशंटला दहा वेळा विचारतेस ना, काय खाल्लंत म्हणून? मग झाडाला काय पाजलंस, ते मला एकदा तरी सांगायचंस."

त्या वाक्याने मला जे शिकवले, तेच आज वाचकांसमोर ठेवते. फुलदाणीतल्या गुलाबाकडे आपण केवळ पाहतो. सुवासिक गुलाब मात्र आपण नाकाशी नेतो, केसांत माळतो आणि खातोही. म्हणून त्याची जोपासना परसातल्या कोथिंबिरीइतक्याच जबाबदारीने करावी. याच कारणास्तव फुलवाल्याकडच्या गुलाबांचा गुलकंद कधीही करू नये. ती फुले दिसण्यासाठी आणि टिकण्यासाठी वाढवलेली असतात. त्यांवर काय फवारले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

घरासाठी देशी झुडूप निवडावे. रोपवाटिकेत 'एडवर्ड' या नावाने मिळणारा गुलाबी, दाट पाकळ्यांचा गुलाब आपल्या हवेत चांगला रुजतो. ओळखीच्या अंगणातून पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व फांदी आणून पावसाळा सरताना लावली, तरी रोप तयार होते. कलमी रोप घेतल्यास जोडाच्या खालून येणारे फुटवे वेळीच काढावेत, नाहीतर खुंटच माजतो आणि कलम मरते.

झाडाला रोज किमान पाच-सहा तास ऊन हवे. सकाळचे असल्यास उत्तम. कुंडी बारा-चौदा इंचांची घ्यावी आणि तिच्या तळाचे छिद्र मोकळे असावे. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड पुरेशी होते. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. पाने रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके पडतात. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास छाटणी करावी. वाळलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढून, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप द्यावा. साधारण दीड-दोन महिन्यांत झाड पुन्हा फुलते.

मावा आला तर प्रथम पाण्याचा जोरदार फवारा मारावा. दोन-तीन दिवस केल्यास पुष्कळसा मावा गळून पडतो. ढालकिडे दिसल्यास त्यांना राहू द्यावे, माव्यावरच ते जगतात. फांदीवरच्या खवले किडी जुन्या दातांच्या ब्रशने खरवडाव्यात. ठिपक्यांची व भुरीची पाने तोडून कचऱ्यात टाकावीत. खतात घालू नयेत. गरजच भासली तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांवर फवारावे. कळ्या उमलू लागल्यावर तेही थांबवावे. आणि कोणतेही औषध सरबताच्या वा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये.

आता काट्याविषयी. छाटणी करताना जाड हातमोजे घालावेत. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते; त्यांनी बागेत अनवाणी मुळीच फिरू नये. काटा रुतल्यास तो काढून जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी. धनुर्वाताच्या लसीची वर्धक मात्रा प्रौढांनी दर दहा वर्षांनी घ्यावी. मातीने माखलेली जखम असेल आणि मागील मात्रेला पाच वर्षे उलटून गेली असतील, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. काही आठवड्यांनी त्या जागी लालसर गाठ आली आणि हातावर वरच्या दिशेने तशाच गाठींची रांग दिसू लागली, तर काटा रुतल्याचे आवर्जून सांगावे. तो स्पोरोट्रायकोसिस हा बुरशीचा आजार असू शकतो. नेहमीची प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत. योग्य बुरशीरोधक औषधाने तो बरा होतो. काट्याचा उल्लेखच न झाल्यामुळे निदान लांबण्याची भीती असते.

गुलकंदाविषयी एक शब्द. पाकळ्या निर्धोक असल्या, तरी त्यात निम्मी किंवा त्याहून अधिक साखर असते. 'थंड असतो' म्हणून मधुमेहींनी तो खाऊ नये. त्यांनी फुलाचा वास घ्यावा, त्याला पथ्य नाही.

पुढच्या फाल्गुनात आमच्या घरी पुन्हा बरणी भरली गेली. आजही मी बागेतून आत आले की सासूबाई विचारतात, "काय पाजलंस?" मी म्हणते, "पाणी, आई." दवाखान्यातही माझ्या प्रश्नांत एकाची भर पडली आहे. मळमळ, घाम किंवा अंगावर पुरळ अशी तक्रार घेऊन कोणी बागप्रेमी आला, तर काय खाल्ले याबरोबरच काल झाडांवर काय फवारले, हेही मी विचारते.