फुलांची भिंत आणि गजऱ्याचें तबक

तुळशीचें लग्न लागून मुहूर्त निघूं लागले कीं मंगल कार्यालयांच्या दारांत मालमोटारी उभ्या राहतात, आणि त्यांतून लोखंडी चौकटी, जाळ्या, झुंबरें व खोक्यांत भरलेलीं फुलें उतरूं लागतात. खोक्यांत भरलेलीं फुलें असें आम्ही बुद्ध्याच म्हणतों. कारण तीं गेल्या आठवड्यांत दुसऱ्या कोणाच्या लग्नांत उभीं होतीं आणि पुढच्या आठवड्यांत तिसऱ्याच्या लग्नांत उभीं राहावयाचीं आहेत. वधूवरांच्या आसनामागें या फुलांची एक भिंत उभारावयाची, तिच्यापुढें पाहुण्यांनीं रांग लावावयाची आणि छायाचित्र निघालें कीं बाजूस व्हावयाचें, हाच आतां लग्नांतील मुख्य विधि होऊन बसला आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें सातवें कलम आम्ही मुद्दाम उघडून पाहिलें. त्यांत सप्तपदीचा उल्लेख आहे. या भिंतीचा नाहीं.

लग्नांत शोभाच नको, असें म्हणणाऱ्या रुक्ष सुधारकांपैकीं आम्ही नव्हों. ज्या समाजांत वधूवरांच्या कपाळीं मुंडावळ्या बांधतात आणि दारास तोरण लागल्यावांचून कार्यास आरंभ होत नाहीं, त्यास फुलांची आवड कोणीं शिकवावयास नको. आमचें म्हणणें निराळें आहे. पूर्वीं मांडवांत फूल येई तें माणसांस देण्यासाठीं. घरची मुलगी तबक घेऊन दारांत उभी असे. स्त्रियांस गजरा, पुरुषांस गुलाबाचें फूल, मनगटास अत्तर आणि वर गुलाबदाणीचा शिडकावा. पाहुणा घरीं पोंचे तों तो सुवास त्याच्या संगतीस असे. आतां हजारों फुलें पाहुण्याच्या डोळ्यांपुढें असतात आणि त्याच्या हातीं एकहि येत नाहीं. सजावटीस हात लावूं नये, अशी ताकीद मात्र मिळते.

या भिंतींत असतें तरी काय? पुष्कळशीं फुलें प्लॅस्टिकचीं किंवा कापडाचीं, व त्यांतलीं बरींचशीं चीनमधून आलेलीं. जेथें खरीं फुलें असतात तेथेंहि तीं एका मऊ हिरव्या विटेंत खोंचलेलीं असतात. फुलवाले तिला ओॲसिस म्हणतात. ती फिनॉल व फॉर्मल्डिहाइड यांपासून बनते. पाणी भरपूर धरते, पण कुजत म्हणून नाहीं. तिचा नुसता चुरा होतो, आणि तो सांडपाण्याबरोबर नदींत जातो.

कायद्याची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिक व थर्मोकोल यांवर बंदीची अधिसूचना काढली. तेव्हां थर्मोकोलचीं मखरें करणारे न्यायालयांत गेले, पण त्यांस दाद मिळाली नाहीं. पुढें १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनें एकदांच वापरून टाकावयाच्या कांहीं प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्या यादींत फुग्याची कांडी आहे, आइस्क्रीमची काडी आहे, सजावटीचें थर्मोकोल आहे, लग्नपत्रिकेवरचें वेष्टनसुद्धां आहे. प्लॅस्टिकच्या फुलाचें नांव मात्र तींत घातलें गेलें नाहीं. हें फूल पुनःपुन्हां वापरतां येतें, असा त्यावर युक्तिवाद होईल. पण रंग उडाल्यावर आणि धूळ बसल्यावर तें कोणत्या घरीं सन्मानानें ठेविलें जातें? तेंही उकिरड्यावरच जातें. फूलउत्पादकांनीं मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली ती याच वगळणुकीविरुद्ध. तथापि न्यायालयाच्या हुकुमाची वाट पाहत बसण्याचें आपणांस कारण नाहीं. मांडववाल्यास विसार देणारे आपणच आहोंत.

मावळांत तळेगांवच्या आसपास हरितगृहांतून वाढविलेला गुलाब फेब्रुवारींत विलायतेस रवाना होतो, आणि त्याच रस्त्यावरील कार्यालयांत प्लॅस्टिकच्या गुलाबांची भिंत उभी असते! १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीचा अभिमान सांगणाऱ्या पुण्यास हें शोभत नाहीं. झेंडूची कथा तर सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते. दसऱ्यास त्याचा भाव गगनास भिडतो, आणि पुढें आवक वाढून भाव पडला कीं तोडणीचा व वाहतुकीचा खर्चहि निघेनासा होऊन शेतकरी माल रस्त्याच्या कडेस ओतून रित्या हातानें घरीं जातो. सण चार दिवसांचा. लग्नसराई महिनोन्महिने चालते. ही मागणी खऱ्या फुलांकडे वळली तर दादर व गुलटेकडी येथील बाजारांत नुसता आडत्याच नव्हे, तर फुटपाथवर बसून गजरे ओवणारी बाईहि चार पैसे अधिक घेऊन घरीं जाईल.

खरें फूल टिकत नाहीं, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. वैशाखाच्या दुपारीं जर्बेरा आणि विलायती लिली मागणाऱ्यास तो अनुभव यावयाचाच. ऋतु पाहून फूल मागावें. मार्गशीर्षापासून माघापर्यंत शेवंती, ॲस्टर व निशिगंध यांची चंगळ असते. चैत्र-वैशाखांत मोगरा असतांना दुसरें कांहीं शोधण्याचें प्रयोजन काय? मोगऱ्याची मिटलेली कळी पहाटे खुडतात आणि ती सायंकाळीं उमलते. गोरज मुहूर्ताचें फूल निसर्गानेंच नेमून दिलें आहे म्हणा ना. झेंडूच्या माळा आदल्या रात्रीं ओवून ओल्या गोणपाटाखालीं ठेवल्या कीं दुसरा दिवस सहज निघतो. त्या विषारी विटेची तर गरजच नाहीं. केळीचा खुंट आडवा ठेवून त्यांत देठ खोंचावे; त्याच्या सोपटांत पाणी असतें, फुलें ताजीं राहतात, आणि कार्य उरकल्यावर खुंट गुरांपुढें टाकतां येतो. दारास केळीचे खांब व आंब्याचे डहाळे, बांबूच्या कामट्यांवर सुतळीनें बांधलेल्या झावळ्या, पितळी घंगाळांत पाणी घालून त्यावर पाकळ्यांची नक्षी, आणि जेथें वधूवर उभे राहतात तेथें मोगऱ्याच्या सुट्या माळांचा पडदा, एवढ्यानें मांडव भरून दिसतो. तांदुळाच्या अक्षतांऐवजीं पाकळ्या टाकण्याची चाल कांहीं ठिकाणीं पडली आहे, तीहि स्तुत्य आहे. धान्य पायदळीं जात नाहीं.

राहिला खर्च. "आम्हांस हुंडा नको, फक्त लग्न तेवढें चांगलें करून द्या," हें वाक्य आमच्या व्यापारी वाचकांपैकीं किती मुलींच्या बापांनीं ऐकलें असेल! १९६१ च्या हुंडाबंदीच्या कायद्यामुळें रोख रक्कम मागावयास जो कचरतो, तो भिंतीची मागणी उजळ माथ्यानें करितो. आणि बाप कर्ज काढून ती पुरवितो. हिंदु विवाह म्हणजे नाचगाणें व खाणेंपिणें यांचा प्रसंग नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं बजाविलें, पण तें बोल मंगल कार्यालयापर्यंत पोंचलेले दिसत नाहींत. ज्यांचे पूर्वज पेशव्यांस फुलें पुरवीत आणि त्या धंद्यावरूनच ज्यांच्या गोऱ्हे घराण्यास फुले हें नांव पडलें, त्या जोतीरावांनीं २५ डिसेंबर १८७३ रोजीं पहिला सत्यशोधक विवाह नाममात्र खर्चांत लावून दाखविला. फुलांच्या व्यापारांत वाढलेल्या गृहस्थास फुलांची किंमत आपणांपेक्षां खचित अधिक ठाऊक होती. सजावटीचा खर्च दोन्ही पक्षांनीं निम्मा निम्मा करावा आणि तसें याद करतांनाच लिहून टाकावें. वरपक्षास आपल्या खिशांत हात घालावा लागला कीं भिंतीची उंची आपोआप उतरेल.

आतां त्या तबकाकडे वळूं. गजऱ्याची चाल पुन्हां सुरू करा, असें आम्ही म्हणतों तेव्हां तिच्यांतील जुनें पापहि सांगितलें पाहिजे. तबक विधवेजवळ येतें, क्षणभर अडखळतें आणि पुढच्या बाईकडे वळतें. कित्येकदां ती विधवा वधूचीच आई असते. तिनें नोकरी करून मुलीस शिकविलेलें असतें, कार्यालयाचें भाडेंहि तिनेंच भरलेलें असतें. आणि त्याच मांडवांत ती खांबाआड उभी राहते. कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांत हेरवाड नांवाचें गांव आहे. पतीच्या निधनानंतर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें या प्रथा बंद करण्याचा ठराव तेथील ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें केला. त्याच महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें परिपत्रक काढून इतर गांवांनींहि तसें करावें असें सुचविलें. खेड्यानें जें केलें तें करावयास शहरांतील सुशिक्षितांस कोणती अडचण आहे, हें आम्हांस समजत नाहीं.

आमची मागणी त्या ठरावाहून लहान आहे. तबक धरणाऱ्या मुलीस घरच्या वडीलधाऱ्यांनीं आदल्या रात्रींच सांगून ठेवावें कीं, दारांतून आंत येणाऱ्या प्रत्येक बाईपुढें तें धरावयाचें, आणि पहिला गजरा वधूच्या व वराच्या आईस द्यावयाचा, मग ती सवाष्ण असो वा नसो. त्यावर कोणी कुजबुजूं लागलें तर यजमानानें स्वतः पुढें होऊन तें तबक आपल्या हातीं घ्यावें.