पोटखराब

"गोव्यात कसली आलीय थंडी?" असे पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात तेव्हा मी वाद घालत नाही. पण आपलेच लोक मनालीच्या बर्फात फोटो काढून येतात आणि तोच प्रश्न विचारतात, तेव्हा मात्र डोके फिरते. यांनी पहाटे कधी आपल्या गावचा डोंगर चढून पाहिला आहे का?

गेल्या जानेवारीत एका रविवारी मी आणि माझा एक शिक्षक मित्र अंधारातच फोंड्याहून बोरीला गेलो. स्कूटर पायथ्याशी ठेवून सिद्धनाथाचा डोंगर चढू लागलो. झाडी विरळ झाली आणि पूर्वेकडून, घाटावरून उतरणाऱ्या वाऱ्याने असे गाठले की बोलणेच बंद! "आरे, हांगा कितलें वारें!" एवढेच म्हणून मित्राने मफलर कानांवर ओढला. मी शहाणा, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. शेवटी देवळाच्या आडोशाला बसून थर्मासमधला चहा प्यालो. काजूच्या मोहोराचा वास, खाली जुवारीवर धुके. बाकीबाब बोरकरांचे हे गाव. त्यांच्या कविता आपण समारंभात गातो, डोंगरावर मात्र त्या दिवशी आम्ही दोघेच.

धुके हटले आणि दूरच्या एका उतारावर उभा कापलेला तांबडा कडा दिसला. मित्राने विचारले, "तुमच्या कागदावर असली जागा काय म्हणून असते रे?"

"बहुतेक वेळा पोटखराब."

एक-चौदाचा उतारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे. जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड असे त्यात रकाने असतात. लागवडीला न येणारी जमीन पोटखराबात जाते. महसूल गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने ते ठीकच. पण जांभ्या दगडाचा डोंगर पावसाळाभर पाणी पितो आणि पायथ्याच्या झरीतून उन्हाळ्यापर्यंत सोडतो. त्याच पाण्यावर फोंड्याची कुळागरे उभी आहेत. सुपारीला बागायत म्हणायचे आणि तिला पाणी पाजणाऱ्याला खराब! हा कुठला न्याय?

बरे, शब्द कागदावरच राहिला असता तर गोष्ट वेगळी. पेडण्यातल्या मोपाचा सडा असाच 'ओसाड' म्हणून खपवला गेला. विमानतळासाठी तिथली पन्नास हजारांहून अधिक झाडे तोडावी लागणार होती. पर्यावरण परवान्याच्या अर्जात माहिती दडवली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो परवाना स्थगित केला. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, आणि २०२३ पासून तिथे विमाने उतरतात. डोंगर कापायला परवानगी लागते असे नगरनियोजन कायद्याचे १७अ कलम सांगते. मग २०२३ मध्ये त्याच कायद्यात १७(२) घातले गेले. कशासाठी? तर प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करायला! त्याखालचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले, पण तोवर २०२४ चे ३९अ येऊन बसले होते.

मित्र म्हणाला, "पण लोकांनी घरे बांधायची तरी कुठे? माझाच पुतण्या जागा शोधतोय." प्रश्न खरा आहे, आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. पण उतारावरच्या त्या बंगल्यांच्या जाहिराती मी वाचतो. त्यांत 'व्ह्यू' विकायला असतो, आणि किंमत ऐकून पुतण्या पुढचे विचारणारही नाही.

आम्हा लिहिणाऱ्यांचेही चुकलेच. हिमालयावर पाने भरली, सह्याद्रीच्या गडांवर भरली, समुद्रावर तर विचारूच नका. घरामागच्या सड्यावर कोणी किती लिहिले? आणि मी तर दुहेरी गुन्हेगार. असले उतारे किती वर्षे माझ्या हातून शिक्का मारून गेले, त्या शब्दाकडे एकदाही थांबून पाहिले नाही.

उतरताना वारा पाठीवर होता. सोमवारी नाक गळतच ऑफिसला गेलो. टेबलावर पहिलाच अर्ज उताऱ्याचा होता.