घरात टीव्ही नाही, फक्त मोबाइल आहे. तरी टीव्हीची फी का भरायची?

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा बर्मिंगहॅमहून व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला. तो तिथे एमएस्सी करतोय, चार पोरं मिळून भाड्याच्या घरात राहतात.

"दादा, एक पत्र आलंय. वर कोणाचंच नाव नाही, नुसतं 'कायदेशीर रहिवासी' लिहिलंय. टीव्ही लायसन्स घ्या म्हणतात. अरे, पण आमच्या घरात टीव्हीच नाहीये!"

मी विचारलं, "मोबाइलवर काय काय बघतोस?"

"दुपारी जेवताना यूट्यूबवर मराठी न्यूज चॅनल लाइव्ह लावतो. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळच्या बातम्या चालू असतात ना. बाकी मॅच असली तर मॅच."

"मग तुला लायसन्स लागतं बाबा," मी म्हटलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

तुम्हालाही हे विचित्र वाटलं असेल. मुंबईतून चालणारं मराठी चॅनल, अमेरिकन कंपनीचं यूट्यूब, चिनी बनावटीचा मोबाइल, आणि पैसे जाणार बीबीसीला! पण नियम तसाच आहे. ब्रिटनमध्ये कुठल्याही देशाचं, कुठल्याही भाषेचं टीव्ही चॅनल लाइव्ह बघायचं असेल तर लायसन्स लागतं, मग ते कोणत्याही डिव्हाइसवर बघा. १ सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीच्या आयप्लेअर अ‍ॅपवर जुने कार्यक्रम बघायलाही ते लागतं. नेटफ्लिक्सवर सिरीज बघायला किंवा यूट्यूबवर कोणाचा व्लॉग बघायला मात्र लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ही फी वर्षाला १७४.५० पौंड झाली, म्हणजे आपले साधारण वीस हजार रुपये.

हा विषय आत्ता काढायचं कारण वेगळं आहे. बीबीसी ज्या शाही सनदेवर चालते तिची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. त्यानंतर पैसा कुठून आणायचा, यावर तिथे जोरदार वाद चालू आहे. प्रत्येक घराने सार्वजनिक टीव्हीसाठी सक्तीने पैसे द्यावेत का? मला हा प्रश्न राजकारणाइतकाच सिस्टीम डिझाइनचाही वाटतो.

चार्जर लावला की नियम बदलतो

ही फी सुरू झाली १९२२ मध्ये, रेडिओसाठी, १० शिलिंग. १९४६ मध्ये टीव्हीचं लायसन्स आलं, २ पौंडांचं. तेव्हा हिशोब सोपा होता. घरात एक मोठं खोकं, छपरावर अँटेना, म्हणजे एका घराला एक लायसन्स. १९५२ पासून डिटेक्टर व्हॅन रस्त्यावर फिरू लागल्या. जुन्या सेटमधल्या ऑसिलेटरमधून थोडासा सिग्नल बाहेर गळायचा आणि तो पकडला की आत टीव्ही चालू आहे हे कळायचं. आता तुमच्या खिशातल्या फोनवर लाइव्ह चॅनल चालू आहे की रील, हे व्हॅनला काय कप्पाळ कळणार?

फोनने हा सगळा हिशोब मोडला. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर लायसन्सची प्रायमरी की आहे पत्ता, आणि फोनची प्रायमरी की आहे माणूस. ही दोन टेबलं जोडायला गेलं की गमतीशीर नियम जन्माला येतात. त्यातला एक माझा फार लाडका आहे. ब्रिटनमधला विद्यार्थी होस्टेलच्या खोलीत फोनवर लाइव्ह टीव्ही बघत असेल आणि फोन फक्त स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल, तर आईवडिलांच्या घरचं लायसन्स त्याला चालतं. चार्जरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली की चालत नाही! मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग मी बॅटरीवरच बघतो." पण त्याचे आईवडील साताऱ्याला. तिथे कुठलं आलंय ब्रिटिश लायसन्स?

शेअर केलेल्या घरालाही असाच पेच आहे. चौघांचा मिळून एकच भाडेकरार असेल तर बहुतेक वेळा एक लायसन्स पुरतं. प्रत्येकाचा करार वेगळा असेल तर खोलीगणिक वेगळं लायसन्स.

जपानमध्ये तर हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे टीव्ही सिग्नल पकडू शकणारे फोन मिळायचे, वन-सेग म्हणतात त्यांना. असा फोन नुसता जवळ असला तरी एनएचके या सार्वजनिक वाहिनीला फी द्यावी लागेल, हा निकाल २०१९ मध्ये कायम झाला. तुम्ही ती वाहिनी बघता की नाही, हा मुद्दाच नव्हता.

मग नेटफ्लिक्ससारखं सबस्क्रिप्शन का नाही?

बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. ज्याला बघायचंय तो भरेल, बाकीचे सुटले.

पहिली अडचण तांत्रिक आहे. ब्रिटनमधल्या लाखो घरांत अजून अँटेनावर टीव्ही दिसतो. फ्रीव्ह्यू नावाची ही सेवा २००२ पासून चालू आहे. त्या टीव्हींमध्ये पैसे न भरणाऱ्याचं चॅनल लॉक करायची सोयच सहसा नसते. आपल्या डिश टीव्हीसारखं रिचार्ज संपला की पडदा काळा, असं तिथे करता येत नाही. आयप्लेअर अ‍ॅपमध्ये लॉगिन आहे, पण तिथेही 'तुमच्याकडे लायसन्स आहे का?' असं विचारतात, तुम्ही 'हो' दाबता आणि पुढे जाता. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो. एवढ्या अब्जांचा कारभार एका बटणाच्या भरवशावर! पण वर म्हटलं तसं, लायसन्स पत्त्याचं आणि लॉगिन माणसाचं. कडक तपासणी लावली तर घरातल्या प्रत्येकाचा हिशोब ठेवावा लागेल.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. कार्यक्रम एकदा बनला की तो एकाने बघितला काय आणि एक कोटी लोकांनी बघितला काय, प्रसारणाचा खर्च जवळपास तेवढाच. गल्लीतला दिवा लागला की वर्गणी न देणाऱ्यालाही उजेड मिळतोच. सबस्क्रिप्शन लावलं की दिवा फक्त पैसे देणाऱ्याच्या दारात लागतो, आणि मग जास्त पैसे देणाऱ्यांना जे आवडतं तेच बनतं. वेल्श भाषेतले कार्यक्रम, शाळेचे धडे, गावपातळीचा रेडिओ यांचे ग्राहक थोडे, म्हणून सगळ्यात आधी कात्री त्यांनाच.

यात तुमचाही संबंध येतो बरं का. तुमच्यापैकी अनेक जण फोनवर बीबीसी मराठी वाचता किंवा बघता. ती सेवा २०१७ मध्ये सुरू झाली. आता भारतात तो मजकूर कलेक्टिव्ह न्यूजरूम ही इथली कंपनी तयार करते. पण बीबीसीच्या जागतिक सेवेच्या एकूण खर्चाचा मोठा वाटा ब्रिटिश घरांच्या या लायसन्स फीतून येतो आणि उरलेला बराचसा ब्रिटिश सरकारच्या अनुदानातून. आपण इथे एक रुपया न देता जे वाचतो, त्यासाठी बर्मिंगहॅममधल्या कोणाच्या तरी खिशाला चाट पडते.

म्हणून सक्तीच्या वर्गणीला माझा तत्त्वतः विरोध नाही. माझा विरोध आहे तो ही वर्गणी ज्या पद्धतीने गोळा करतात तिला.

दार कोण उघडतं?

फी सगळ्यांना सारखी. लंडनमधल्या बँकरला जेवढी, तेवढीच दोन नोकऱ्या करून घर चालवणाऱ्या एकट्या आईलाही. हप्त्याने भरता येते, पण रक्कम तीच. ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना ती माफ होती. ऑगस्ट २०२० पासून फक्त पेन्शन क्रेडिट नावाची मदत मिळणाऱ्यांनाच माफी उरली.

आणि न भरता बघितलं तर तो फौजदारी गुन्हा. दंड १,००० पौंडांपर्यंत. आता हे बघा: या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त स्त्रिया असतात. स्त्रिया जास्त चोरून टीव्ही बघतात असं थोडंच आहे? तपासणी करणारा माणूस दिवसा दार वाजवतो आणि दार उघडायला बहुतेक वेळा बाई घरात असते. लायसन्स पत्त्याचं, पण खटला दार उघडणाऱ्याच्या नावावर. आमच्या ऑफिसात एखाद्या कोडमुळे असा एकतर्फी परिणाम दिसला असता तर त्याला बग म्हटलं असतं आणि रिलीज थांबवली असती. इथे मात्र तो वर्षानुवर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू आहे.

'ही फी आहे म्हणून बीबीसी सरकारपासून स्वतंत्र आहे', असंही नेहमी म्हणतात. अर्धंच खरं आहे ते. फीची रक्कम सरकारच ठरवतं. २०२२ मध्ये सरकारने ती दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवली, नेमकी महागाई वाढत असताना. नळ सरकारच्या हातात नसेल, पण व्हॉल्व्ह आहेच.

बाकीच्यांनी काय केलं

जर्मनीने २०१३ मध्ये डिव्हाइस मोजणंच सोडून दिलं. टीव्ही असो नसो, प्रत्येक घराला फी. सध्या महिन्याला १८.३६ युरो. तिथे शिकणारी आपली मुलं फ्लॅटमध्ये राहत असतील तर एकाच्या नावावर भरतात आणि आपसात वाटून घेतात. २०१८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही पद्धत मान्य केली, फक्त एकाच माणसाकडून दुसऱ्या घराची पुन्हा फी घेणं चूक ठरवलं. मला जास्त आवडली ती पुढची गोष्ट. किती पैसा लागेल हे तिथे एक स्वतंत्र आयोग काढतो आणि मग सगळ्या राज्यांनी मान्यता द्यायची असते. २०२० मध्ये फक्त ८६ सेंटची वाढ एका राज्याने अडवली. २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की असं अडवता येणार नाही, आणि वाढ लागू केली. म्हणजे व्हॉल्व्हवरचा हातही न्यायालयाने बाजूला केला. अर्थात त्यानंतरच्या वाढीवरून पुन्हा राज्यांची टाळाटाळ आणि पुन्हा कोर्ट, हे चालूच राहिलं.

स्वीडनने २०१९ पासून घर सोडून माणूस धरला. करपात्र उत्पन्नाच्या १ टक्का, त्यावर कमाल मर्यादा, आयकरासोबत वसुली. फिनलंडमध्येही साधारण असंच, २०१३ पासून. कमी कमाई असेल तर कमी भरा. दार वाजवणं नाही, व्हॅन नाही, चार्जरचा नियम नाही. फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोंची फी रद्दच केली आणि व्हॅटमधला वाटा द्यायला सुरुवात केली. लोक खूश झाले, पण तिथल्या पत्रकारांनी संप केला. आज सरकार देतंय, उद्या नाही दिलं तर?

मला स्वीडनची वसुली आणि जर्मनीचा आयोग, हे कॉम्बिनेशन पटतं. उत्पन्नाप्रमाणे रक्कम, वेगळ्या खात्यात ठेवलेला पैसा, आणि न भरणं हा गुन्हा न धरता साधी थकबाकी. प्रायमरी की एकदा माणूस केली की फोन, टॅब, टीव्ही हा भेदच उरत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही रेडिओला आणि टीव्हीला लायसन्स होतं, हे आजच्या कॉलेजातल्या मुलांना सांगितलं तर थट्टा वाटते. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत अजून ते छोटं पुस्तक आहे. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. तेव्हापासून दूरदर्शन चालतं सरकारी अनुदानावर आणि जाहिरातींवर. डीडी फ्री डिशलाही महिन्याचं भाडं नाही. म्हणजे पैसे आपण देतोच, करातून देतो, फक्त पावती मिळत नाही.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १९९० च्या प्रसार भारती कायद्याच्या कलम १७ मध्ये आजही 'रिसीव्हर लायसन्स फी असल्यास' ती प्रसार भारतीला द्यायची तरतूद आहे. कोडमध्ये जुनं फंक्शन राहून जावं आणि त्याला कोणीच कॉल करू नये, तसं ते तिथे पडून आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की सरकारला आवश्यक वाटतील तेवढे इतर पैसे. सगळा कारभार या दुसऱ्या ओळीवर चालतो. किती पैसे आवश्यक, हे ज्याच्याबद्दल बातम्या द्यायच्या तोच ठरवणार.

उद्या कोणी मला विचारलं की सह्याद्रीसाठी आणि आकाशवाणीसाठी महिन्याला तीस रुपये सक्तीने देशील का, तर मी आधी विचारेन की हे तीस रुपये कोणाच्या खात्यात जाणार आणि तिथून ते कोण अडवू शकतं. स्वतंत्र खातं आणि स्वतंत्र आयोग असेल तर देईन. मंत्रालयातून फिरून जाणार असतील तर नाही, तीन रुपयेही नाही.

मावसभावाने शेवटी घरातल्या चौघांना बसवून हिशोब केला. भाडेकरार एकत्र आहे, म्हणजे लायसन्स घेतलं तर डोई सुमारे ४४ पौंड. दोघे तयार झाले, एक म्हणाला मी फक्त गेम खेळतो, माझा काय संबंध? मग त्यांनी 'लायसन्सची गरज नाही' असा ऑनलाइन फॉर्म भरला आणि लाइव्ह बघणं बंद केलं. आता तो बातम्यांच्या क्लिप नंतर बघतो, मॅचचे हायलाइट्स दुसऱ्या दिवशी. परवा शेवटच्या ओव्हरमध्ये मी चुकून त्याला मेसेज केला, तर तिकडून उत्तर आलं: "दादा, स्कोअर सांगू नकोस ना!"