फेस नगरीस जाताना

मोरोक्कोतील फेस या प्राचीन नगरीच्या प्रवासाचे नियोजन करताना जैन कुटुंबाने प्रथम भोजनाचा विचार करावा. तेथील भाज्या घातलेले रव्याचे कुसकुसही बहुधा मांसाच्या रश्शावर शिजवतात. त्यात गाजर, सलगम ही कंदमुळेही असतात. म्हणून स्वयंपाकघर असलेले निवासस्थान निवडावे व कोरडा शिधा बरोबर न्यावा. सूर्यास्तापूर्वीचे भोजनही त्यामुळे साधते. शुक्रवारी जुन्या बाजारातील बरीच दुकाने बंद असतात. तो दिवस विश्रांतीस ठेवावा.

चामडे कमावण्याचे रंगीत हौद पाहण्यास प्रवाशांची गर्दी लोटते. ते टाळून करवीयीन मशिदीच्या दाराशी थांबावे. परंपरेनुसार, इ. स. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या व्यापारीकन्येने पित्याकडून लाभलेल्या धनातून ती उभारली. पुढे तेथेच विख्यात विद्यापीठ बहरले. आत अन्यधर्मीयांस प्रवेश नाही. परंतु व्यापाऱ्याचे धन ज्ञानदानास लागले की शतकानुशतके टिकते, हे उंबरठ्यावरूनही उमगते.